फटफटीची सिद्धता

प्रवासवर्णने आपल्याकडे पुष्कळ लिहिली जातात. त्यांत घाट असतात, नद्या असतात, देवळे असतात, आणि लेखकाने कोठे काय खाल्ले याचाही तपशील असतो. परंतु गाडी ज्या अंगणात उभी राहून सिद्ध झाली, आणि ज्या ओसरीवर 'जावे की न जावे' याचा खल पंधरा पंधरा दिवस चालला, त्या अंगणाविषयी व ओसरीविषयी सहसा कोणी लिहीत नाही. २०२४ सालच्या डिसेंबरात आम्हांस वाईहून गुहागरपर्यंतचा एक प्रवास घडला. अंतर सुमारे दोनशे किलोमीटर; म्हणजे आजच्या तरुणांच्या हिशेबी सकाळी निघून दुपारी जेवावयास पोचण्याचे. परंतु वाहन पन्नास वर्षांचे, त्यात बसावयाचे गृहस्थ अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, आणि चालविणारे आम्ही सहासष्ट वर्षांचे, अशा तिघांस तो दूरचाच प्रवास होता. त्यात शिकण्यासारखे जे होते ते बहुतेक सारे निघण्यापूर्वीच शिकून झाले. म्हणून त्या सिद्धतेचीच हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम आमचा अधिकार किती तो सांगणे बरे. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. नंतर महाविद्यालयाची पायरी न चढता पाठशाळेत व्याकरण व काव्य यांचे अध्ययन केले, आणि पुढील सारा जन्म मुलांस विभक्ती व समास शिकविण्यात घालविला. यंत्रविद्या घरात आली ती आमच्या ज्येष्ठ बंधूंकडे. अण्णा आमच्याहून बारा वर्षांनी मोठे. एका साखर कारखान्याच्या यंत्रशाळेत त्यांची सारी नोकरी झाली. वडील लवकर निवर्तल्यामुळे अण्णांनीच आम्हांस वाढविले, शिकविले, आणि मुंजीपासून लग्नापर्यंतची आमची सर्व कार्ये केली. फटफटी चालविण्यासही त्यांनीच शिकविले. मात्र चालविणे निराळे आणि जाणणे निराळे. पहिले आम्हांस येत होते, दुसरे अण्णांस.

ही फटफटी म्हणजे १९७४ सालची बुलेट. कंपनी मूळची इंग्लंडातील रेडिच गावची. १९५५ पासून मद्रासेस तिचा कारखाना निघाला. इंजिन एकाच सिलिंडरचे, ३४६ घनसेंटिमीटरांचे. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. व्यासाहून धाव अधिक, त्यामुळे हे इंजिन पळण्यापेक्षा ओढण्यास अधिक राजी; बैलांत जसा पळावू बैल वेगळा आणि मोटेचा वेगळा, तसाच हा प्रकार. म्हणूनच तिच्या डाव्या बाजूस अण्णांनी साइडकार जोडली. विलायतेत एके काळी साइडकार हेच मध्यम स्थितीतील कुटुंबाचे वाहन होते. ब्लॅकपूल येथे १९२२ साली दोन तरुणांनी साइडकारी करण्याचा कारखाना काढला, त्याचेच पुढे जग्वार मोटारींच्या कंपनीत रूपांतर झाले. १९५९ साली मिनी ही छोटी, स्वस्त मोटार निघाली, तेव्हा तिकडील कुटुंबे साइडकारीतून उतरून मोटारीत बसू लागली. आमच्याकडे 'शोले' हा चित्रपट १९७५ साली आला आणि गावातील पोरे आमच्या फटफटीमागे धावू लागली. परंतु आमची गाडी त्याच्या आदल्या वर्षाची, हे येथे नमूद करून ठेवतो. उसनवारी आम्ही केलेली नाही.

या साइडकारीतून आमच्या घरातील किती माणसे किती कामांसाठी गेली याची गणती नाही. बाळंतिणी दवाखान्यातून आल्या, परीक्षेची मुले केंद्रावर गेली, गौरीगणपतीचे सामान आले. १९७९ साली अण्णांनी आमच्या मातोश्रींस तीतूनच गुहागरास नेऊन आमच्या कुलदैवताचे, श्रीव्याडेश्वराचे, दर्शन घडविले. मातोश्रींचा तो शेवटचा कोकणप्रवास. २०१२ नंतर मात्र घरात मोटार आली आणि फटफटी गोठ्यात गेली. गाई आधीच गेल्या होत्या, तेव्हा जागा रिकामीच होती.

२०२१ साली अण्णांस अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, डावे अंग शाबूत राहिले. उजवा हात आणि उजवा पाय मात्र दुबळे झाले. काठीच्या आधाराने ते ओसरीपर्यंत येतात. त्या दिवसापासून घरातील सर्वांनी एक व्रतच घेतले, ते म्हणजे अण्णांस कसलाही त्रास पडू द्यावयाचा नाही. बँकेचे कागद पुतण्या पाही, औषधांच्या वेळा सूनबाई पाहत, पथ्यपाणी आमच्या सौ. पाहत, आणि वर्तमानपत्र आम्ही वाचून दाखवीत असू. अण्णांनी काही विचारले की चहूकडून एकच उत्तर येई, "तुम्ही स्वस्थ बसा, आम्ही बघतो." हे उत्तर देताना आम्हां सर्वांस फार समाधान वाटे, हे कबूल केले पाहिजे.

असे असता २०२४ च्या दसऱ्यास अण्णांनी ओसरीवर सांगून टाकले, "मला एकदा व्याडेश्वराला जाऊन यायचे आहे. फटफटीने."

घरात केवढा गहजब झाला असेल, याची कल्पना एकत्र कुटुंबातील वाचकांस सहज येईल. पुतण्या म्हणाला, "बाबा, माझी मोटार आहे, थंड हवेची आहे." परंतु बंद मोटारीत अण्णांस मळमळते, ही गोष्ट जुनी व सर्वांस ठाऊक. सौ. म्हणाल्या, "ह्या वयात वाऱ्यात बसायचे?" सूनबाईंनी डॉक्टरांचे नाव पुढे केले. डॉक्टरांनी मात्र सर्वांची निराशा केली. थंडीवारा लागू न देता, दर तासाला खाली उतरवून चार पावले चालविले आणि औषधाची वेळ चुकविली नाही, तर हरकत नाही, असे त्यांनी सांगितले. मग मुक्काम करीत दोन दिवसांत जावे, मागून पुतण्याने मोटार आणावी, आणि फटफटी आम्ही चालवावी, असे ठरले. अण्णा म्हणाले, "गाडी बघायला हवी." आम्ही नेहमीचेच उत्तर दिले, "तुम्ही स्वस्थ बसा, आम्ही बघतो."

गोठ्यातून गाडी ओढून काढली तेव्हा साइडकारीच्या गादीत उंदरांचा संसार निघाला. टायरांस भेगा पडलेल्या, टाकीत गंज, दट्ट्या जागीच धरून बसलेला. गावातील एक वृद्ध मिस्त्री, ज्यांनी बुलेटीखेरीज दुसऱ्या गाडीस सहसा हात लावला नाही, ते आले, आणि पुढील महिनाभर आम्ही त्यांचे विद्यार्थी झालो. त्यांनी प्रथम प्लग काढून त्या भोकातून थोडे तेल सोडले व गाडी दोन दिवस तशीच ठेवली. तिसऱ्या दिवशी गियर घालून मागचे चाक हाताने पुढे-मागे हलविले, तेव्हा दट्ट्या सुटला. किक मारून जबरदस्ती केली असती तर दट्ट्याच्या कड्या तुटल्या असत्या. टाकीत मूठभर नट व थोडे डिझेल घालून ती अर्धा दिवस घुसळली, तेव्हा गंज बाहेर पडला. कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत जुन्या पेट्रोलचा राळेसारखा थर बसला होता, तो काढला. पेट्रोलची रबरी नळी मुद्दाम नवीन जातीची घातली. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. ते जुन्या रबरास मानवत नाही, नळी फुगते व चिरते.

पॉइंट साफ करून त्यांचे अंतर पातळ पट्टीने सुमारे ०.४ मिलिमीटरवर आणले. टॅपेटची रीत आम्हांस विशेष आवडली. इंजिन थंड असताना दट्ट्या वर आणावा. मग आतील उभी कांडी दोन बोटांनी फिरविली असता सहज फिरावी, परंतु वरखाली मुळीच हलू नये. 'फिरावी पण हलू नये', हे मिस्त्रींचे सूत्र एखाद्या सूत्रकारास शोभेल इतके आटोपशीर आहे. क्लचच्या चिकटलेल्या पट्ट्या सोडविल्या, ब्रेकच्या नालांवर नवे अस्तर बसविले, आणि साइडकारीसह घाट चढणे सुलभ व्हावे म्हणून गियरपेटीवरील दातेरी चक्र कमी दातांचे घातले. वेग थोडा घटतो, ओढ वाढते.

चाकांच्या आऱ्यांस, ज्यांस मिस्त्री लोक स्पोक म्हणतात, आमची खरी परीक्षा झाली. मिस्त्री म्हणाले, "मास्तर, नुसती फटफटी वळताना कलते, म्हणून चाकावर भार उभाच राहतो. साइडकारवाली कलत नाही. वळणावर सगळा जोर आडवा येतो, तो हे स्पोक सोसतात." मग प्रत्येक आऱ्यावर पान्याने हलकेच ठोकून नाद ऐकावयाचा. ताठ असेल तो खणखणीत बोले, सैल असेल तो बद्द वाजे. उच्चारातील दोष ऐकण्याची सवय आम्हांस आयुष्यभराची. नऊ आरे आम्ही ऐकूनच सैल ठरविले आणि मिस्त्रींनी ते मान्य केले, याचा अभिमान आम्हांस अद्याप वाटतो.

दुसराही एक मान आमच्या व्यवसायास मिळाला. साइडकारीचा सांगाडा फटफटीस चार ठिकाणी जोडलेला असतो, दोन सांधे खाली व दोन वर. त्या लोखंडी दांड्यांत डोळ्यास न दिसणारी चीर असेल तर घाटात प्राणावर बेतावयाचे. ती ओळखण्याची रीत अशी. दांडी डिझेलने भिजवावी, कोरडी पुसावी, आणि तीवर पांढऱ्या खडूचा हात फिरवावा. चिरेत शिरलेले तेल हळूहळू बाहेर येते आणि खडूवर ओली रेघ उमटते. चाळीस वर्षे हाती धरलेला खडू आम्ही मागील वरच्या दांडीवर फिरविला, आणि पाच मिनिटांत करंगळीएवढी काळी रेघ उमटली. ती दांडी टाकून नवी करून घेतली.

आता सर्वांत नाजूक काम राहिले. साइडकार जोडलेली फटफटी हे मोठे विषम वाहन आहे. दुचाकीस दोन बाजू सारख्या, मोटारीसही सारख्या. येथे एका बाजूस इंजिन आणि चालक, दुसऱ्या बाजूस चाक असते पण त्यास ना इंजिन ना, आमच्या गाडीत तरी, ब्रेक. म्हणून वेग वाढविला की डावीकडची साइडकार मागे रेंगाळते आणि गाडी डावीकडे ओढते. ब्रेक दाबला की फटफटी थांबू पाहते, साइडकार पुढे जाऊ पाहते, आणि गाडी उजवीकडे वळते. उजवे वळण घेताना साइडकार रस्त्यास चिकटून बसते, डावे वळण जोरात घेतले तर तिचे चाक जमिनीवरून उचलते. या सगळ्यांवर चालकाने हात धरावयाचाच, परंतु सरळ रस्त्यावर तरी गाडी आपण होऊन सरळ जावी म्हणून दोन मापे साधावी लागतात.

पहिले माप चाकांच्या रोखाचे. फटफटीच्या दोन्ही चाकांस लावून एक सरळ फळी जमिनीवर ठेवावी, साइडकारीच्या चाकास लावून दुसरी. आणि दोन फळ्यांतील अंतर मागे व पुढे मोजावे. ते पुढे किंचित कमी भरले पाहिजे, म्हणजे साइडकारीचे चाक थोडे आत पाहणारे असावे. आमच्या गाडीस हे कमीपण १५ मिलिमीटर ठेविले. दुसरे माप फटफटीच्या कलाचे. ती अगदी उभी नको, साइडकारीपासून जराशी बाहेर, म्हणजे आमच्याकडे उजवीकडे, कललेली हवी. कारण भार बसला आणि रस्त्याचा उतार लागला की ती डावीकडे झुकते. हे माप आम्ही गवंड्याचा ओळंबा हँडलपाशी सोडून घेतले. मात्र मिस्त्रींनी बजावले, "हे माप रिकाम्या गाडीवर घ्यायचे नाही. बसणारा माणूस बसला पाहिजे."

येथे आमच्या हातून जी चूक घडली, तिच्यासाठीच हा लेख लिहिण्याचे मनात आले. अण्णांस उन्हात दोन-दोन तास कशाला बसवावयाचे, असा विचार करून आम्ही पासष्ट किलो तांदूळ एका पोत्यात भरवून आणले आणि ते पोते साइडकारीत बसविले. अण्णा म्हणजे भरदार गृहस्थ. पासष्टांहून कमी ते कसे असतील? पोते ठेवून कल साधला, ओळंब्यापासून हँडल २० मिलिमीटर बाहेर आले, आणि कृष्णेच्या पुलापलीकडे जाऊन आम्ही फेरी मारून आलो. गाडी सुतासारखी सरळ चालली. मिस्त्री खूष, पुतण्या खूष, पोरे पोत्यास नमस्कार करून हसत होती.

अण्णा काठी टेकीत ओसरीवर आले होते. त्यांनी पोत्याकडे पाहिले आणि विचारले, "हे किती किलोचे?"

"पासष्ट," आम्ही म्हणालो.

"आणि मी?"

कोणासच उत्तर देता आले नाही. ज्या घरात अण्णांचे औषध, अण्णांचे मीठ, अण्णांचे पाय धुण्याचे ऊन पाणी यांचा हिशेब मिनिटामिनिटाने ठेवला जात होता, त्या घरात अण्णांचे वजन किती, हे एकालाही ठाऊक नव्हते. अण्णा थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "पोते चांगले बसले आहे. त्यालाच दर्शनाला घेऊन जा." आणि आत निघून गेले.

नंतर चार दिवस ते प्रवासाविषयी एक अक्षर बोलले नाहीत. रागावले असते तर बरे, पण रागही दिसेना. सौ. म्हणाल्या, "म्हातारपणी माणूस हळवे होते." सूनबाई म्हणाल्या, "थट्टेत म्हणाले असतील." पुतण्या म्हणाला, "आता मोटारीनेच नेऊ." आम्हांसही प्रथम वाटले की इतका महिनाभर खपलो, हात काळे केले, त्याचे हेच का फळ? परंतु चौथ्या रात्री झोप येईना. डॉक्टरांचे कागद ज्या फायलीत होते ती फाईल आम्ही काढली. दर खेपेच्या कागदावर कोपऱ्यात वजन लिहिलेले होते. २०२१ साली ६६. मग ६१. मग ५६. शेवटच्या कागदावर ५१. प्रत्येक कागद घरातील कोणी ना कोणी आणला होता, औषधांची नावे वाचली होती, आणि तो आकडा कोणीच वाचला नव्हता. आमच्या मनात अण्णांची जी मूर्ती होती, तीच आम्ही पोत्यात भरली होती. प्रत्यक्ष अण्णा तिच्यापेक्षा चौदा किलोंनी कमी झाले होते, आणि ते एकटे त्यांस माहीत होते.

सकाळी आम्ही त्यांच्या खोलीत गेलो. क्षमा मागण्याची सवय धाकट्या भावांस नसते आणि ऐकून घेण्याची थोरल्यांस नसते. आम्ही एवढेच म्हणालो, "अण्णा, एक्कावन्न."

ते म्हणाले, "मग तुझी गाडी आता उजवीकडे ओढेल."

हे अगदी शास्त्रशुद्ध होते. पासष्टाच्या भारासाठी दिलेला बाहेरचा कल एक्कावन्नाच्या भारास अधिक होणार, आणि गाडी कलाच्या बाजूस जाणार. आम्ही म्हणालो, "तुम्ही बसल्याशिवाय माप लागायचे नाही. या." तेव्हा त्यांनी पलंगाखालच्या ट्रंकेकडे बोट केले. तीत काळ्या बांधणीची एक वही होती. १९७४ पासून फटफटीस जे जे काही केले, ते तारखेसह तीत लिहिलेले. आम्ही व मिस्त्री ज्या मापांसाठी आठ दिवस चाचपडलो, ती सारी मापे तीत होती; चाकाचा रोख १५, हेही होते. "वही आहे हे सांगितले का नाही?" असे विचारण्याचे आमच्या ओठांवर आले होते, पण "तुम्ही विचारले का नाही?" हे उत्तर त्यांच्या न बोलताच आम्हांस ऐकू आले. १९७९ च्या पानावर लिहिले होते, की आईस कारखान्याच्या काट्यावर नेऊन वजन केले, ४२ किलो. अंगणात साइडकारीत बसवून कल पुन्हा साधला. आई दोन तास बसली, सोबत जपमाळ होती.

ते पान आम्ही पुन्हा पुन्हा वाचले. तेव्हा आम्ही एकवीस वर्षांचे होतो आणि त्याच अंगणात होतो. आईला उन्हात का बसविता, म्हणून आम्ही अण्णांशी वाद घातल्याचेही आम्हांस आठवले.

त्या दिवशी अण्णा साइडकारीत बसले ते साडेदहापासून जेवणाच्या हाकेपर्यंत. ओळंबा सोडला तो हँडल ३२ मिलिमीटर बाहेर. शिवाय असे दिसले की उजवे अंग दुबळे असल्यामुळे ते सरळ बसत नाहीत, डाव्या बाजूस रेलून बसतात. पोत्यास हे कोठून ठाऊक असणार? बैठकीच्या उजव्या अंगास घडी केलेली घोंगडी बसविली, पाठीस उशी दिली, डाव्या हातास धरावयास बाहेरच्या कडेस लोखंडी गज जोडला. मग वरचे सांधे सैल करून कल पुन्हा २० वर आणला. मिस्त्री अण्णांस विचारीत आणि अण्णा सांगत; आम्ही खाली बसून पट्टी धरीत होतो. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर इतके दिवस आम्ही फटफटी व साइडकार या जोडीस अव्ययीभाव समजत होतो, ज्यात पूर्वपद प्रधान आणि दुसरे त्याच्या मागून फरफटत येणारे. तो वस्तुतः द्वंद्व आहे. दोन्ही पदे प्रधान.

याची खात्री पसरणीच्या घाटात पटली. वाईहून पाचगणीस चढणारा हा घाट आमच्या दारचाच. तेथे तीन सकाळी आम्ही दोघांनी सराव केला. डाव्या वळणावर साइडकारीचे चाक उचलू पाहते, तेव्हा आत बसलेल्याने गज धरून अंग डावीकडे बाहेर टाकले तर ते जमिनीस टेकून राहते. ही कला अण्णांस पन्नास वर्षांची अवगत, आणि त्यासाठी लागणारे डावे अंग त्यांचे शाबूत. वळण येण्यापूर्वीच डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांचे मस्तक बाहेर झुकलेले आम्हांस दिसे, आणि मग हँडल हलके होई. तीन वर्षे ज्यांस आम्ही पाण्याचा पेला उचलू दिला नव्हता, ते निम्मी गाडी चालवीत होते.

बाकीची सिद्धता थोडक्यात सांगतो. नोंदणीच्या पुस्तकाचे पाच वर्षांकरिता होणारे नूतनीकरण राहून गेले होते, ते दंड भरून व तपासणी करवून घेतले; विमा आणि धुराचा दाखला घेतला. दोघांस शिरस्त्राणे घेतली. सामानात दोन ट्यूब, पंक्चरचे साहित्य, पायपंप, प्लग, पॉइंट, क्लचची व ॲक्सिलरेटरची तार, चेनचे दोन दुवे, पाने आणि एक लाकडी ठोकळा. त्याशेजारी अण्णांची औषधे, घोंगडी, थर्मास आणि सूनबाईंनी दिलेले लाडू. आणि ती काळी वही.

डिसेंबरातील एका पहाटे निघालो. महामार्गावर वर्दळ वाढण्यापूर्वी सातारा मागे टाकून उंब्रजेस पोचलो व तेथून पाटणच्या रस्त्यास लागलो. वेग चाळीस-पंचेचाळीसच्या वर नेला नाही. दर पन्नास किलोमीटरला थांबून चारही सांधे हाताने तपासावेत, असे वहीत होते. दुसऱ्या थांब्यावर पुढचा खालचा नट अर्धा वेढा सैल मिळाला. पहिला मुक्काम कोयनानगरास केला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे येथे भूकंप झाला, तेव्हा वाईच्या घरातील भांडी फळीवरून पडली होती आणि अण्णांनी आम्हांस अंथरुणासह उचलून अंगणात नेले होते. अण्णा ती गोष्ट नातीस सांगत होते. आम्ही चेन ताणीत बसलो होतो.

दुसऱ्या सकाळी कुंभार्ली घाट उतरलो. ब्रेक तापू नयेत म्हणून उतार खालच्या गियरमध्येच उतरावयाचा. एका डाव्या वळणावर समोरून ट्रक आला आणि आम्हांस गाडी जरा अधिकच दाबावी लागली. साइडकारीचे चाक उचलणार, असे हातास कळले. तोच अण्णांनी अंग पार बाहेर टाकले आणि चाक टेकले. दोघेही काही बोललो नाही. चिपळुणास चहा घेताना ते एवढेच म्हणाले, "पोते असते तर?"

दुपारी गुहागरास पोचलो. देवळात अण्णा किती वेळ बसले आणि काय बोलले, ते त्यांचे आहे. आम्ही लिहीत नाही. परत आल्यावर त्यांनी काळी वही मागविली आणि डाव्या हाताने, पहिलीतील मुलासारख्या मोठ्या अक्षरांत, स्वतः नोंद केली: 'भार ५१. कल २०. गाडी सरळ चालली.' हल्ली बँकेचे कागद पुतण्या त्यांच्यापुढे ठेवतो. ते सही करण्यापूर्वी वाचतात, कधी चुकाही काढतात, आणि त्यामुळे कामास वेळ लागतो. लागू द्यावा.

पोत्यातील तांदूळ संक्रांतीपर्यंत संपले. वाचकांस आमची एकच विनंती आहे. आपल्या घरातही कोणी वडील मंडळी असतील आणि त्यांची व्यवस्था आपण मनोभावे पाहत असाल. हा अंक खाली ठेवल्यावर त्यांच्याजवळ जाऊन बसावे, आणि त्यांचे वजन हल्ली किती आहे, हे त्यांनाच विचारावे.